दाखवायचा वर्ग

भानुमतीबाईंना यंदा चौथीचा वर्ग दिला, ही बातमी आंबेखेड्यात पसरली तेव्हा निम्म्या गावाला वाटलं की बाईंच्या हातून काही तरी गुन्हा घडला असणार. ज्या बाईनं एकवीस वर्षं पहिली सोडली नाही, तिला तिथून उठवायचं म्हणजे काय साधी गोष्ट आहे? खुद्द बाईंनाही तो अपमानच वाटला होता. त्या हेडमास्तरांसमोर पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या आणि चहाला हात लावत नव्हत्या.

साल सत्त्याऐंशी, जूनचा दुसरा आठवडा. आंबेखेडा औरंगाबादहून वाळूजकडं जाताना छावणी मागं टाकली की डाव्या हाताला, आत दीड कोस. तिकडं बजाजनगरात कामगारांच्या चाळी उभ्या राहत होत्या. गावातली तरणी पोरं सकाळी बैल सोडायचं विसरून कंपनीच्या गाडीची वाट बघत फाट्यावर उभी राहू लागली होती. शाळा मात्र होती तशीच होती. पहिली ते चौथी, चार खोल्या, चार मास्तर आणि पाचवे हेडमास्तर आप्पासाहेब.

“बाई, रागावू नगा,” आप्पासाहेब म्हणाले, “हा फारम बघा आधी.”

फॉर्म जिल्ह्याच्या आदर्श शिक्षक पुरस्काराचा होता. बाईंचं नाव, जन्मतारीख, एकवीस वर्षांची नोकरी, सगळं आप्पासाहेबांनी वळणदार अक्षरात भरलं होतं. नऊ नंबरचा रकाना तेवढा कोरा होता. ‘अध्यापन केलेले इतर वर्ग’.

“घोडं हितं पेंड खातंय,” आप्पासाहेबांनी रकान्यावर बोट ठेवलं. “तपासनीचे साहेब म्हनले, बाई चांगल्या, पन येकाच वर्गावर बसल्यात. वाढ काय झाली त्यांची? चौथीचे गुरुजी रिटायर झालेत, जागा मोकळी हाय. येक साल चौथी घ्या, पहिली तवर मी संभाळतो. आगस्टात समिती येईल, रकाना भरंल, सप्टेंबरात तुमचा सत्कार. म्होरल्या साली फिरून पहिली घ्या, कोन नाय म्हनतंय?”

बाईंचं मत उलटं होतं आणि त्या ते कुणालाही ऐकवत. तीन वर्षं इथं, तीन वर्षं तिथं असं करणाऱ्या मास्तरांचा हात कशावरच बसत नाही. हात बसायला आधी माणूस बसावा लागतो. त्यांची बदली तीनदा आली होती आणि तिन्ही वेळा गावानं अर्ज करून ती थांबवली होती. पण पुरस्कार कुणाला नको असतो? बाईंनी चहा पिऊन टाकला.

बाईंची पहिली म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. पुस्तकातल्या प्रत्येक धड्याला बाईंनी चाल लावली होती. सकाळी एकदा, मधल्या सुट्टीनंतर एकदा, चाळीस पोरं ओळीखाली बोट धरून तो धडा खणखणीत म्हणत. दिवाळीपर्यंत सबंध पुस्तक व्हायचं. कुणीही साहेब आला की त्याला जीपमधून उतरल्या उतरल्या पहिलीत नेत. तो पुस्तक उघडून एखाद्या पोराला उभं करी आणि ते पोर बोट फिरवत न थांबता वाचून दाखवी. शाळेत त्याला नावच पडलं होतं, दाखवायचा वर्ग. आजूबाजूच्या वस्त्यांवरचे लोक पोरांना दोन-दोन कोस चालवत आणून तिथं बसवत. एवढं कौतुक झाल्यावर कुणाचीही मान ताठ होणारच, बाईंची झाली तर नवल नाही.

या कौतुकाला एक गालबोट होतं, दुसरीचा वर्ग. पहिलीत घडाघडा वाचणारी पोरं दुसरीत गेली की थबकत. दुसरीला तेव्हा सांडू गुरुजी होते. पलीकडच्या गावचे शेतकरी, अंगात जाडाभरडा सदरा, बोलणं कमी. एकदा ते बाईंना म्हणाले होते, “बाई, पोरं गातात लई ग्वाड. पन माझ्याकडं आली की अडत्यात.” बाईंनी ते मनावर घेतलं आणि महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं.

मग पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत तपासणी झाली. साहेबांनी पहिलीत भागू नावाच्या मुलीला उभं केलं. लाल रिबिनी बांधलेली ती चिमुरडी एका दमात पान वाचून मोकळी झाली. तिथून साहेब दुसरीत गेले, तर तिथली पोरं एकेक अक्षर जोडत, मागं-पुढं करत वाचत होती. साहेबांनी व्हरांड्यात बाईंना विचारलं, हे असं कसं? बाई म्हणाल्या, “माझ्याकडून जाताना वाचत होती, साहेब. पुढचं मी काय सांगू?”

आपण खोटं बोललो असं त्यांना तेव्हा वाटलं नव्हतं. साहेबांनी सांडू गुरुजींच्या वहीत लाल शाईनं शेरा मारला, ‘वाचन अडखळत. ओघ नाही. शिक्षकाने लक्ष द्यावे.’ जूनमध्ये त्यांची बदली झाली, पार सोयगाव तालुक्यात, डोंगरातल्या एका वाडीवर. घरी बायको सरूबाई आणि बारा एकर रान. जाताना गुरुजी एवढंच म्हणाले, “चलतो बाई. ध्यान ठिवा पोरांकडं.” त्यांच्या जागी बद्रीनाथ नावाचे तरुण गुरुजी आले. ते हुशार निघाले. त्यांनी बाईंच्या चाली उचलल्या आणि दुसरीही गायला लागली. तेव्हापासून शेरे चांगले येत होते.

आता तीच भागू चौथीत होती आणि समोर भानुमतीबाई होत्या.

चौथीची पुस्तकं नेहमीप्रमाणं आली नव्हती. बाईंनी ठरवलं, तोवर गणित घ्यावं. शाळा सुटताना त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘उद्या येताना घरून एक मूठ चिंचोके आणा.’ ते वाचायला सांगावं असंही त्यांच्या मनात आलं नाही. चौथीची एकतीस पोरं, त्यांना काय वाचून दाखवायचं?

दुसऱ्या दिवशी कुणीही चिंचोके आणले नाहीत.

आंबेखेड्यात चिंचेची झाडं घरटी एक. चिंचोके काय, पोतं भरून मिळाले असते. बाईंना वाटलं, पोरांनी ठरवून अवज्ञा केली. नवीन वर्गावर पहिल्याच आठवड्यात वचक गेला तर संपलं. त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि छडी टेबलावर आपटली.

“काल फळ्यावर काय लिहिलं होतं?”

पोरं एकमेकांकडं बघत होती. शेवटी भागूनं हळूच सांगितलं, “बाई, तुमी म्हनून दावलं नाय ना.”

“म्हणून काय दाखवायचं? लिहिलं होतं की.”

“व्हय बाई. पन तुमी म्हनून दावलं नाय.”

अक्षरं अजून फळ्यावर होती. बाई म्हणाल्या, “ये पुढं. वाच.” भागू आली, तिनं शहाण्या मुलीसारखं पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि वाट बघत राहिली. बाईंच्या एकदम लक्षात आलं, पोरीची नजर फळ्यावर नव्हती. ती बाईंच्या ओठांकडं बघत होती. पहिला शब्द बाईंच्या तोंडून सुटला की ती पुढं धावायला तयार होती. तीन वर्षांपूर्वी हेच तर शिकवलं होतं तिला.

बाईंनी ओठ मिटून घेतले. भागूचं बोट ‘उद्या’ या शब्दाखाली तसंच थांबून राहिलं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून त्यांनी एकतिसांना एकेक करून जवळ बोलावलं. डब्याला गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद पुढं करून वाचायला सांगितलं. सात जणांना वाचता आलं. त्यातल्या चौघांच्या घरी कुणी ना कुणी शिकलेलं होतं. बाकीच्या चोवीस पोरांना पहिलीचं पुस्तक दिलं, तर ती अजूनही चालीत, बोट फिरवत, घडाघडा म्हणत होती.

घरी जाताना एस.टी.च्या खिडकीत बाईंना एक जुनी गोष्ट आठवली. आशाबाई, त्यांच्या अगदी पहिल्या तुकडीतली मुलगी, दोन वर्षांमागं स्वतःच्या पोराचं नाव घालायला शाळेत आली होती. आप्पासाहेबांनी रजिस्टर पुढं केलं, तर तिनं पदर सावरत अंगठा पुढं केला होता. बाईंना वाटलं होतं, लग्नानंतर विसरली असेल. आता त्यांना ते वाटेना. एकवीस वर्षं गुणिले चाळीस पोरं, हा हिशोब त्या नगर नाका येईपर्यंत टाळत होत्या आणि तो काही केल्या टळत नव्हता.

औरंगाबादला उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांत बाई आणि त्यांचे वडील श्रीनिवासराव, दोघंच राहत. बाईंचं लग्न राहून गेलं ते गेलंच. श्रीनिवासराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, निजामाच्या काळात सरकारी मदरशात मुदर्रिस होते, म्हणजे मास्तरच, पण सगळं शिकवणं उर्दूत. लेकीनं ताट पुढं ठेवलं आणि स्वतः जेवायला बसली नाही, तेव्हा त्यांनी विचारलं. तिनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं हातातला घास ताटात ठेवला.

“पोलीस ॲक्शन झाली आणि आम्हाला हुकूम आला, आता मराठीत शिकवा,” ते म्हणाले. “मराठी घरात होती गं, पण वर्गात कधी नव्हती. पहिल्या दिवशी नवं पुस्तक हातात घेतलं आणि माझी जीभच हलेना. तेव्हा कळलं, की त्याआधीची पंधरा वर्षं मी पुस्तकात बघितलंच नव्हतं. धडा तोंडात होता. पोरंही माझ्या तोंडाकडं बघायची, तुझ्या भागूसारखी.”

“मग काय केलंत?”

“काय करणार? पोरांबरोबर बसून, अडखळत वाचलं. लाज वाटली फार. पण त्या सालची पोरं वाचायला शिकली. त्याआधीच्यांचं मला माहीत नाही, आणि मी कधी विचारायला गेलो नाही.” मग ते ताटावरून उठले. “पाठ म्हणणं आणि वाचणं यातला फरक कळायला मला सरकार बदलावं लागलं. तुझा नुसता वर्ग बदलला.”

“आणि सांडू गुरुजींचं काय?”

“ते मला विचारू नकोस,” श्रीनिवासराव म्हणाले. “ते तुला ठाऊक आहे.”

खरं सांगायचं तर बाईंना पुरस्कार जाण्याची तेवढी भीती नव्हती. आपल्याला काही येत नव्हतं आणि ते आपल्यालाच माहीत नव्हतं, हे चारचौघांत उघडं पडण्याची त्यांना भीती होती. ज्या माणसाला येत होतं त्याला आपण घालवलं, हे तर बोलायची सोयच नव्हती. दोन दिवस त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दार लावून आप्पासाहेबांना सांगितलं.

आप्पासाहेब दचकले असतील, पण दाखवलं नाही. त्यांनी तंबाखूची डबी काढली आणि परत ठेवली. “समिती काय सबंध पुस्तक घिऊन बसनार हाय का? पाच धडे बसवून घ्या. तुमच्या हातचा मळ हाय त्यो. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. गावाचंबी नाव हाय हेच्यात.”

बाईंनी नकार द्यायला हवा होता. त्यांनी दिला नाही. पुस्तकं आली तशी त्यांनी पाच धडे निवडले आणि सकाळच्या वेळात बसवायला घेतले, चालीसकट. दुपारी मात्र त्या पोरांना अक्षरओळख शिकवू बघत. पोरं पार गोंधळून जात. सकाळी बाई म्हणतात जोरात म्हणा, दुपारी म्हणतात थांबा, बघा, मग म्हणा. जुलै संपत आला. पाच धडे तयार झाले होते आणि दुपारच्या वेळात पोरं जेमतेम ‘कमळ’पर्यंत पोचली होती. फाट्यावर जीपचा आवाज आला तरी बाईंची मान खिडकीकडं वळे.

समिती आली ती ऑगस्टच्या बारा तारखेला, सकाळी अकरा वाजता. पंच्याऐंशीतलेच साहेब आणि दोन सदस्य. व्हरांडा सारवला होता, नारळ आणले होते. साहेब खुर्चीवर बसले, फॉर्म मांडीवर घेतला, नऊ नंबरच्या रकान्यात ‘चौथी’ लिहिलेलं बघून मान डोलावली. एक सदस्य घड्याळ बघत होता. त्यांना दुपारपर्यंत आणखी दोन शाळा करायच्या होत्या.

“एखाद्या मुलीला उभं करा बाई,” साहेब म्हणाले, आणि स्वतःच बोट दाखवलं. “ही आपलीच ना? लाल रिबिनवाली? पहिलीत असताना हिनं किती छान वाचलं होतं. घे गं, उंटाचा धडा घे.”

भागू पुस्तक घेऊन उभी राहिली. घाईत तिच्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली. उंटाचा धडा मागं राहिला आणि पुढं पोस्टमनचा आला. पानावर सायकल आणि खाकी टोपी घातलेला माणूस छापला होता. भागूनं पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि सुरू केलं, वाळवंट, वाळू, उन्हाची काहिली, उंटाचे गादीसारखे पाय. बोट ओळीओळीनं पोस्टमनच्या सायकलीखालून फिरत होतं. तोंडातून उंट चालला होता, एकही शब्द न चुकता.

बाईंना ते जिथं उभ्या होत्या तिथून दिसलं. आप्पासाहेबांनाही दिसलं असावं, कारण ते एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. साहेब डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या सदस्यानं पेनचं टोपण काढलं होतं. धडा अर्ध्यावर आला. आणखी मिनिटभर कुणी काही बोललं नाही तर सगळं सुखरूप पार पडणार होतं. भागूचा चेहरा उजळला होता. तिला वाटत होतं की आपण वाचतोय. बाईंना तेच सोसेना.

“शाब्बास,” साहेबांनी डोळे उघडले आणि फॉर्म पुढं ओढला.

“सही करू नका, साहेब,” बाई म्हणाल्या. “तिच्या हातातलं पान बघा.”

साहेबांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी भागूच्या हातातून पुस्तक घेतलं, पोस्टमन बघितला, पान मागं उलटलं, पुढं उलटलं. आप्पासाहेब पुढं झाले, “साहेब, पोरगी घाबरली हाय, पान चुकलं…” पण बाई थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर पुन्हा बोलण्याचं बळ आलं नसतं.

“तिला वाचता येत नाही, साहेब. एकतिसांतल्या चोवीस जणांना येत नाही. यांना पहिलीत मी शिकवलं. पंच्याऐंशीत तुम्ही हिचंच ऐकून खूश झालात आणि सांडू गुरुजींना शेरा दिलात. माझी पोरं तेव्हाही वाचत नव्हती. त्यांची वाचत होती, म्हणून अडखळत होती. मी तुम्हाला व्हरांड्यात जे सांगितलं ते चूक होतं.”

साहेबांचे कान लाल झाले. “तुम्हाला कळतंय का बाई, काय बोलताय ते?”

“हो साहेब. आता कळतंय.”

साहेबांनी फॉर्मची घडी घातली, सही न करता खिशात ठेवली आणि उठले. नारळ तसेच राहिले. जीप गेल्यावर आप्पासाहेब एवढंच म्हणाले, “तोंड मिटून उभं राहायचं व्हतं बाई. लई मोठं काम नव्हतं.” भागू बाकाखाली तोंड घालून रडत होती. तिचं काय चुकलं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, “तुझं काही चुकलं नाही. चूक माझी आहे.” त्यावर पोरगी जास्तच रडली.

सप्टेंबरात सत्कार दुसऱ्या कुणाचा तरी झाला. त्याच आठवड्यात बाईंनी दोन दिवसांची रजा टाकली. रात्री अजिंठ्याला एका ओळखीच्या बाईकडं मुक्काम केला, सकाळची एस.टी. धरली आणि फर्दापूरहून आत, डोंगराच्या कुशीतल्या वाडीवर सांडू गुरुजींच्या शाळेत जाऊन पोचल्या. एकच खोली, एकच मास्तर, चारही वर्ग तिथंच. पोरं खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन, अंथरून बसली होती.

“या बाई,” गुरुजी म्हणाले. जणू बाई पलीकडच्या खोलीतूनच आल्या होत्या. “बसा. धडा चालू हाय.”

धडा म्हणजे दुसरीतली साळू नावाची मुलगी उभी होती आणि ज्या गोणीवर बसली होती तिच्यावरचं छापलेलं वाचत होती. “सा… साव… सावलीत,” ती थांबली, पुन्हा मागं गेली, “सावलीत को… कोर…” शब्द बाईंच्या ओठांवर आला आणि तोंड उघडलंसुद्धा. सांडू गुरुजींनी त्यांच्याकडं न बघता तळहात वर केला.

“थांबा. तिला येऊ द्या.”

बराच वेळ गेला. मग साळू म्हणाली, “कोरड्या. सावलीत कोरड्या जागी ठेवा.” आणि खाली वाकून गोणीकडं नव्यानं बघितलं, जणू ती गोणीच तिच्याशी बोलली होती.

मधल्या सुट्टीत दोघं लिंबाखाली बसली. बाईंनी घडलेलं सगळं सांगितलं आणि माफी मागितली. गुरुजी बिडी पेटवत होते.

“तुम्हाला ठाऊक होतं?” बाईंनी विचारलं.

“व्हय.”

“मग स्पष्ट का नाही सांगितलंत?”

“सांगितलं व्हतं की. पोरं अडत्यात म्हनलो, तर तुमी महिनाभर बोलला नाय. साहेबाला सांगितलं असतं तर त्यानं कुनाचं ऐकलं असतं? तुमचा वर्ग दाखवायचा वर्ग.” त्यांनी धूर सोडला. “माफी मागितली, बरं केलं. पन दोन सालं सरूनं येकलीनं रान वढलंय. त्ये मी इसरलो नाय, बाई. तुमच्या म्होरं खोटं का बोलू?”

बाई म्हणाल्या, “मी म्हणायचे, माणसानं एका जागी बसावं तर हात बसतो. माझा हात बसला तो असा. तुम्ही इथं येऊन किती पुढं गेलात.”

“त्ये नगा सांगू,” सांडू गुरुजी पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात बोलले. “बदलीचं कवतिक मला नगा सांगू. मला हितं शिकायला नाय धाडलं, शिक्षा म्हनून धाडलं. आन् मी तितंबी असंच शिकवीत व्हतो.” मग आवाज उतरला. “पन येक हाय. हितं चार वर्ग येका खोलीत. पहिलीत केलेली चूक चौथीत जाऊन तुमच्या म्होरंच बसती. दुसऱ्याच्या नावावर टाकायला दुसरी खोलीच नाय. तुमाला ती खोली व्हती, बाई. तिच्यात मी बसलो व्हतो.”

परतीच्या गाडीत बाईंना ते वाक्य सोडत नव्हतं. घरी आल्या आल्या त्यांनी सांडू गुरुजींचा शेरा रद्द व्हावा आणि त्यांना परत आणावं म्हणून अर्ज केला, खाली स्वतःची चूक सविस्तर लिहिली. तीन महिन्यांनी उत्तर आलं, की नोंदवहीतला शेरा खोडण्याची तरतूद नाही, आणि बदलीचा विचार यथावकाश होईल.

त्या वर्षी बाईंनी चौथीला चाल लावली नाही. वर्ग शांत झाला, तेव्हा गावाला वाटलं बाईंचं मन उडालं. एप्रिलपर्यंत चोवीसपैकी सतरा पोरं वाचायला लागली, त्यात भागू होती. ती हळू वाचायची, पण फाट्यावरच्या पाट्या, कंपनीच्या गाडीवरचं नाव, जे दिसेल ते वाचायची. सात पोरं तशीच राहिली आणि पाचवीला वाळूजला जाण्याऐवजी रानात गेली. त्यांची नावं बाईंना अखेरपर्यंत पाठ होती.

जूनमध्ये आप्पासाहेबांनी समजुतीनं विचारलं, “आता फिरून पहिली घेता ना? गाव म्हनतंय, झालं गेलं इसरा.”

“मला दुसरी द्या,” बाई म्हणाल्या.

बद्रीनाथ गुरुजी चौथीवर गेले आणि पहिलीला शैला नावाची नवीन मुलगी आली, डी.एड. होऊन नुकतीच लागलेली, उत्साही. बद्रीनाथ गुरुजींनी तिला बाईंच्या जुन्या चाली शिकवल्या होत्या. पहिल्या वर्षाच्या दिवाळीतच तिचं पुस्तक संपलं. ती पोरं पुढच्या जूनमध्ये बाईंच्या दुसरीत आली आणि येता क्षणी अडली. बाईंनी त्यांना पहिल्या अक्षरापासून घेतलं.

फेब्रुवारीत साहेब तपासणीला आले. मागचं विसरले नव्हते. आधी पहिलीत गेले, खूश झाले. मग दुसरीत आले, तर पोरं एकेक अक्षर जोडत, मागं-पुढं करत वाचत होती. साहेबांनी व्हरांड्यात शैलाला विचारलं, हे असं कसं? बाई दारातच उभ्या होत्या.

“माझ्याकडून जाताना वाचत होती, साहेब,” शैला म्हणाली. निरागसपणे म्हणाली, बाईंसारखीच.

साहेबांनी लाल शाईनं लिहिलं, ‘वाचन अडखळत. ओघ नाही. शिक्षिकेने लक्ष द्यावे.’ बाईंनी खाली सही केली. संध्याकाळी एक पोस्टकार्ड घेतलं आणि सोयगावच्या पत्त्यावर लिहिलं, की गुरुजी, तुमचा शेरा आज मला मिळाला. दुसरं काही लिहिलं नाही.

सकाळी त्या शैलाकडं गेल्या. पोरगी घाबरली होती. रात्रभर तिला वाटत होतं की आपल्यामुळं बाईंना शेरा बसला.

“मधल्या सुट्टीनंतर माझ्या वर्गात येऊन बस,” बाई म्हणाल्या. “तुझ्या पोरांना मी सांभाळायला लावते कुणाला तरी. काही बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं.”

शैला येऊन मागं सतरंजीवर बसली. एक मुलगी उठली आणि तेलाच्या डब्यावरचं वाचायला लागली. पहिला शब्द आला, दुसरा अडला. ती थांबली, मागं गेली, पुन्हा अडली. शैलाच्या ओठांवर शब्द आला. भानुमतीबाईंनी तिच्याकडं न बघता तळहात वर केला, आणि वर्ग त्या मुलीची वाट बघत बसला.